‘द जस्टिस ऑफ द पीस’चा चार खंडांचा पुनर्मुद्रित संच: मजकूर खणखणीत, बांधणी रद्दी

मजकुराला पाच तारे, छपाईला दोन, बांधणीला अर्धा. घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल.

रिचर्ड बर्न यांचं ‘द जस्टिस ऑफ द पीस अँड पॅरिश ऑफिसर’, म्हणजे इंग्लंडातल्या गावोगावच्या मॅजिस्ट्रेटांसाठीची कायद्याची मार्गदर्शिका, मुळात 1755 साली दोन खंडांत निघालं. पुढे आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, दर आवृत्तीला ते फुगत गेलं आणि चार खंडांचं झालं. मी मागवला तो या चार खंडी आवृत्तीचा पुनर्मुद्रित संच. म्हणजे कुठल्यातरी ग्रंथालयातली जुनी प्रत स्कॅन करायची, मागणी आली की छापायची, मुखपृष्ठावर धुक्यातलं एखादं चर्च चिकटवायचं आणि कुरियरने पाठवून द्यायचं. असा धंदा करणाऱ्या कंपन्या ऑनलाइन ढिगाने आहेत. मी ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं नाव लिहीत नाही. पुढे सांगते ती लक्षणं दिसली की दुसऱ्या कोणाकडे घेतलंत तरी ओळखाल.

गोव्यातल्या साखळी गावच्या एका निवृत्त बाईला हे कशाला हवं, असं पोस्टमनसकट सगळ्यांनी विचारून झालं आहे. मी उत्तर गोव्यातल्या एका मामलेदार कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले. नोकरी गेली ती अ‍ॅफिडेव्हिटं, रहिवासी दाखले, जमिनीचे एक-चौदाचे उतारे आणि मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, फायलींत. मॅजिस्ट्रेट म्हणून सही साहेब करायचे. कुठे करायची ते आम्ही दाखवायचो. मध्यंतरी भाच्याबरोबर दोना पावलची ब्रिटिश स्मशानभूमी पाहिली. 1799 पासून काही वर्षं, फ्रेंचांच्या धास्तीने, इंग्रजांची फौज गोव्यात तळ देऊन होती आणि काबोला त्यांच्या बराकी होत्या. त्या थडग्यांवरची नावं वाचताना भाचा तारखा बघत होता आणि माझ्या डोक्यात चाललं होतं की ही पोरं भरती झाली तेव्हा कागद कुठला केला असेल, कोणासमोर केला असेल, आणि समोरच्याने तो वाचून दाखवला असेल का. या प्रश्नाचं उत्तर शोधताना बर्नसाहेबांपर्यंत पोचले.

बर्न हे इंग्लंडच्या उत्तरेकडे वेस्टमोरलंडमधल्या ऑर्टन गावचे पाद्री, आणि स्वतःही जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे स्थानिक मॅजिस्ट्रेट. आपण थोडक्यात जेपी म्हणू. जेपीला पगार नसे. जमिनीतून वर्षाला 100 पौंडांचं उत्पन्न असलेल्या माणसालाच हे पद मिळे, म्हणजे गावचा जमीनदार, नाहीतर बर्नसारखा बऱ्यापैकी वतनाचा पाद्री. बरीचशी कामं तो आपल्या घरातल्या बैठकीच्या खोलीत उरकायचा. वर्षातून चार वेळा जिल्ह्याचे जेपी एकत्र बसत, तेव्हा मोठी प्रकरणं. त्याचा कारकून मात्र दर कागदामागे मिळणाऱ्या फीवर जगायचा. हे वाचून मी खुर्चीत सावरून बसले.

पुस्तक विषयांच्या नावांनुसार, अक्षरक्रमाने लावलेलं आहे. दारूचे गुत्ते, उमेदवार कारागीर (मालकाशी करार करून धंदा शिकणारी पोरं), अनौरस मुलं, रस्ते, गरिबांची सोय, भटके. प्रत्येक विषयाखाली कायदा काय म्हणतो आणि त्याखाली कागदाचे नमुने. हे नमुने म्हणजे या पुस्तकाचा जीव. नावाच्या जागी अमुक-तमुक, गावाच्या जागी रिकामी रेघ, तारखेच्या जागी रिकामी रेघ. ज्याने आयुष्यभर फॉर्म भरून घेतले त्याला असा नमुना पाहिला की पलीकडे उभा असलेला माणूस आपोआप दिसायला लागतो.

आता भरतीकडे येते, कारण त्यासाठीच पैसे घातले होते.

इंग्लंडात शांततेच्या काळात राजाने पार्लमेंटच्या संमतीशिवाय फौज बाळगायची नाही असं 1689 मध्ये ठरलं, त्यामुळे फौजेचा कायदा, म्यूटिनी अ‍ॅक्ट, दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागे. भरतीची रीत त्यातच सांगितलेली असायची. सार्जंट आणि ढोलवाला जत्रेत नाहीतर गुत्त्यात यायचे. पोराच्या हातावर राजाचा शिलिंग ठेवला की तो भरती झाला, ही समजूत आपल्याकडेही सिनेमे पाहून पक्की आहे. कायद्याने तेवढ्यावर भरती पुरी होत नव्हती. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच तरतूद आली की शिलिंग घेतल्यापासून 24 तास उलटायच्या आत नव्हे, आणि 4 दिवसांनंतरही नव्हे, अशा मुदतीत त्याला जवळच्या जेपीपुढे उभं करायचं. तो जेपी स्वतः फौजेतला अधिकारी असता कामा नये. तिथे पोराला विचारायचं, तुला खरंच जायचंय का?

चोवीस तास कशासाठी, ते उघड आहे. आदल्या रात्रीची उतरावी म्हणून. हे ज्याने कलमात घातलं त्याला गुत्ता माहीत होता.

पोरगा हो म्हणाला तर बंड आणि पळून जाणं याविषयीची फौजी कलमं त्याला वाचून दाखवायची, राजनिष्ठेची शपथ द्यायची आणि दाखल्यावर सही करायची. त्या दाखल्यात माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. जन्म कुठल्या पॅरिशमध्ये (म्हणजे कुठल्या चर्चच्या गावात), वय किती, धंदा काय. मला अंतर्गळ (हर्निया) नाही. मला फेफरं येत नाही. मी कोणाचा उमेदवार म्हणून बांधलेला नाही. मी दुसऱ्या कुठल्या पलटणीत नाही. एवढ्या चार वाक्यांत त्या काळच्या सगळ्या लबाड्या मावल्या आहेत, दोन्ही बाजूंच्या. मालकाकडून पळालेला सुतारकामाचा उमेदवार फौजेत शिरला तर मालक मागून दावा लावायचा. एका पलटणीकडून भरतीची बक्षिसी घेऊन पळायचं आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या पलटणीकडून घ्यायची, हा काहींचा धंदाच होता. प्रत्येक कलम कोणीतरी आधी केलेल्या लांड्यालबाडीवरून आलेलं असतं. आमच्या रहिवासी दाखल्याच्या अर्जातही तसंच आहे.

आणि पोरगा नाही म्हणाला तर?

मला वाटलं होतं, नाही म्हटलं की सुटला. कायदा म्हणतो, सुटेल, पण घेतलेले पैसे परत करायचे आणि वर 20 शिलिंग, म्हणजे एक पौंड, भरायचे, सार्जंटचा खर्च झाला म्हणून. मुदत 24 तास. भरले नाहीत तर भरती झाली असं समजायचं.

त्या काळी दक्षिण इंग्लंडातल्या शेतमजुराला आठवड्याला साधारण 7-8 शिलिंग मिळत. म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त मजुरी, एका दिवसात उभी करायची. शिवाय घेतलेल्या पैशातली बरीचशी आदल्या रात्री त्याच गुत्त्यात सार्जंटच्या साक्षीने गेलेली. ज्याच्या खिशात 20 शिलिंग आहेत तो सार्जंटच्या शिलिंगाला भुलेलच कशाला? बाप सधन असेल तर धावत येऊन भरणार, मालकाला हातचा मजूर सोडवत नसेल तर तो भरणार, आणि ज्याला कोणी नाही तो निमूट शपथ घेणार. कागदोपत्री मात्र सगळे सारखेच. ‘स्वखुशीने’.

ही तरतूद वाईट होती असं मला म्हणायचं नाही. कायदा करणाऱ्याने सार्जंट आणि पोरगा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस उभा केला, आणि तो माणूस फौजेचा नसावा हेही पाहिलं. आजही आपण यापेक्षा वेगळं काय करतो? समोरच्याने समजून-उमजून सही केली असं दुसऱ्या कोणीतरी सांगायचं, एवढंच. पण तिसरा माणूस वाचवणार ते फक्त त्या चार मिनिटांत त्याने खरंच मान वर करून पाहिलं तर. मी अशा चार मिनिटांशेजारी नोकरीभर बसले आहे. बाहेर रांग असते, साहेबांना दुपारी साइट पाहणीला जायचं असतं, आणि ‘वाचलं ना?’ या प्रश्नाला ‘होय’ शिवाय उत्तर मी क्वचितच ऐकलं.

इंग्लंडातल्या जेपीला तर मान वर न करण्याची आणखीही कारणं होती. गावातल्या गरिबांना पोसायचा खर्च गावाच्या करातून व्हायचा, त्या कराच्या हिशोबांवर देखरेख जेपीची, आणि करदाते म्हणजे त्याचे शेजारी आणि कुळं. रिकामटेकडा, भांडखोर, सडाफटिंग पोरगा फौजेत गेला तर गाव सुटकेचा निश्वास टाकायचं. अनौरस मुलाचा बाप ठरलेल्याला लग्न, पोटगी, तुरुंग नाहीतर फौज, असे रस्ते दाखवले जात. उलट लग्न झालेला, चार पोरांचा बाप भरती व्हायला आला तर त्याच जेपीच्या कपाळावर आठ्या, कारण तो गेला की बायकापोरं गावाच्या करावर. समोरच्याचं भलं कशात आहे, हा हिशोब त्यात नाही. वहीवर मात्र दोन्ही वेळा तो न्यायबुद्धीनेच वागलेला दिसतो.

इथे छपाईबद्दल सांगायला हवं. सैनिकांचं प्रकरण शेवटच्या खंडात येतं, आणि नमुन्यांची पानंच स्कॅनमध्ये तिरपी गेली आहेत. ओळींची सुरुवात शिवणीत गडप, शेवट कापलेला. एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा स्पष्ट छापलेला आहे, नखासकट. एक पान दोनदा आहे आणि त्यापुढचं मुळीच नाही. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की मूळ प्रतच तशी आहे, ऐतिहासिक वारसा जपण्यासाठी आम्ही त्यात बदल करत नाही. वारसा म्हणजे अंगठा! पुन्हा लिहिलं तेव्हा त्यांनी तो खंड बदलून दिला. नव्या खंडातही तोच अंगठा. जुन्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या मधला एस एफसारखा दिसतो, त्याची सवय दोन संध्याकाळींत होते. ती तक्रार माझी नाही.

भरतीबद्दल या पुस्तकात सगळं सापडेल असंही समजू नका. जबरदस्तीने भरती करायचे कायदे अल्पजीवी होते आणि अशी मार्गदर्शिका चालू कायद्यासाठी असते. ते मी पणजीत पाटो प्लाझाजवळच्या कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत बसून इतर पुस्तकांतून जमवलं. तिथली वाचनाची सोय, उजेड आणि शांतता यांना माझ्याकडून स्वतंत्र पाच तारे.

तर जबरदस्तीचे कायदे. युद्ध पेटलं आणि स्वेच्छेची माणसं पुरेनाशी झाली की पार्लमेंट असा कायदा काढायची. स्पॅनिश वारसायुद्धात 1704 पासून, सप्तवार्षिक युद्धात 1756 मध्ये, अमेरिकन युद्धात 1778 आणि 1779 मध्ये. ज्याला कायदेशीर धंदा नाही, पोट भरण्याचं दिसणारं साधन नाही, असा धडधाकट माणूस कॉन्स्टेबलने उचलून आणायचा. समोर जेपी आणि जमीन-कराचे कमिशनर बसलेले, सोबत फौजेचा अधिकारी. त्यांनी ठरवलं की हा त्यात बसतो, की झाला शिपाई. इथे ‘तुला जायचंय का’ हा प्रश्नच नाही. पार्लमेंटच्या निवडणुकीत ज्याला मताचा हक्क होता त्याला मात्र हात लावायचा नाही. कायदे कोण करत होतं ते यावरून कळावं. 1779 चा कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला. त्यातून मिळालेली माणसं फौजेलाच पसंत नव्हती. खरा उपयोग झाला तो असा, की उचलून नेतील या भीतीने बरेच जण बक्षिसी तरी पदरात पडावी म्हणून आपणहून भरती झाले.

पोट भरण्याचं साधन दिसत नाही हे ठरवणार कोण आणि कसं? आमच्या तिंट्यावर, म्हणजे बाजारात, संध्याकाळी बसलेली मंडळी पाहिली असती तर कॉन्स्टेबलला एका फेरीत पलटण मिळाली असती, आणि त्यातले निम्मे दिवसभर खाणीवर राबून आलेले असायचे.

मिलिशियाची, म्हणजे देशातल्या देशात ठेवायच्या राखीव फौजेची, गोष्ट वेगळी, आणि कारकुनाला सगळ्यात जवळची, कारण ती याद्यांची गोष्ट आहे. फ्रेंच इंग्लंडवर उतरतील या भीतीने 1757 मध्ये कायदा झाला की प्रत्येक काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, ठरलेल्या संख्येने देशातल्या रक्षणासाठी माणसं द्यायची, एकूण 32,000 च्या आसपास. गावच्या कॉन्स्टेबलने 18 ते 50 वयाच्या पुरुषांची यादी करायची. ती चर्चच्या दारावर लावायची. कोणाची हरकत असेल तर ती ठरल्या दिवशी काउंटीच्या अधिकाऱ्यांपुढे मांडायची, त्यात जेपीही असत. मग चिठ्ठ्या. ज्याचं नाव निघालं त्याने तीन वर्षं जायचं, नाहीतर बदली माणूस द्यायचा, नाहीतर 10 पौंड भरायचे. शेतमजुराची सहा महिन्यांची मजुरी. आमच्याकडे मतदार यादी पंचायतीत लावली की नावं पाहायला कोणी येत नाही; तिथल्या चर्चच्या दारापुढे त्या रविवारी किती गर्दी झाली असेल याची कल्पना करा.

लोकांनी काय केलं? याद्या पळवल्या. 1757 मध्ये यॉर्कशर आणि लिंकनशरमध्ये जमावाने कॉन्स्टेबलांना, जेपींना आणि जमीनदारांना गाठून याद्या मागितल्या आणि फाडल्या. राग चिठ्ठीवर होताच, पण आवई अशीही होती की देशात ठेवतो म्हणतील आणि बोटीत घालून परदेशी पाठवतील. कोणावर हात टाकायचा हे त्या लोकांना अचूक कळलं होतं असं मला वाटतं. यादी गेली की काम अडतं, हे कचेरीत काम केलेल्या कोणालाही विचारा.

पहिली तीन वर्षं संपून पुन्हा चिठ्ठ्यांची वेळ आली तेव्हा 9 मार्च 1761 ला नॉर्दम्बरलंडमधल्या हेक्सम गावात मोठा जमाव जमला. मॅजिस्ट्रेटांनी दंगलीचा कायदा वाचून दाखवला, जमाव हलला नाही, आणि गोळीबार झाला. चाळीसहून जास्त माणसं मेली. गोळ्या झाडणारी तुकडी नॉर्थ यॉर्कशर मिलिशियाची होती, म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्या काउंटीत याद्या फाडल्या गेल्या तिथलीच माणसं. साखळीहून सत्तरी तालुक्यातली वाळपई काही लांब नाही, त्यामुळे हे वाचताना सत्तरीतलं राण्यांचं बंड आठवलं. 1895 मध्ये पोर्तुगीजांच्या फौजेतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम आला, त्यांनी नकार दिला, बंड केलं आणि सत्तरीतल्या दादा राण्यांना जाऊन मिळाले. तिथे समुद्रापार पाठवणार ही आवई नव्हती, हुकूमच होता. आमच्या घरात या बंडाच्या गोष्टी जेवताना निघायच्या, पण शिपायांच्या नकाराची बाजू कोणी फारशी सांगत नसे. राण्यांचे घोडे आणि तलवारीच जास्त.

आरमारासाठी खलाशी पकडायचे त्याच्या वॉरंटवरही जमिनीवर स्थानिक मॅजिस्ट्रेटची सही लागायची. आपल्याकडे बोटीवर जायला मिळावं म्हणून वशिले लावतात आणि तारवटी, म्हणजे बोटीवरचा माणूस, घरी आला की वाड्यावर वाजतगाजत असतं. तिथे बोटीवर नेऊ नये म्हणून माणसं माळ्यावर लपायची. 1795 मध्ये तर काउंटीनिहाय कोटाच ठरला. यॉर्कशरने 1,081 माणसं द्यायची, चिमुकल्या रटलंडने 23. आकडा भरायचा म्हटल्यावर किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्यांना तुरुंग की आरमार असं विचारणं मॅजिस्ट्रेटांना सोयीचंच होतं. कोटा आला की कचेरीत काय होतं, याविषयी मी निवृत्त असले तरी जास्त लिहीत नाही.

लंडनबद्दल बर्नसाहेबांकडून फार अपेक्षा ठेवू नका. हा खेड्यातला माणूस आहे, त्याच्या डोळ्यांपुढे ऑर्टन आहे. लंडनमध्ये फीवर पोट भरणारे जेपी इतके बदनाम झाले की 1792 मध्ये सात कचेऱ्या काढून प्रत्येकीत तीन पगारी मॅजिस्ट्रेट बसवावे लागले. तरी दोनच वर्षांनी, ऑगस्ट 1794 मध्ये, चेरिंग क्रॉसजवळच्या एका घरातून उडी मारून जॉर्ज हाउ नावाचा तरुण मेला, आणि त्या घरात भरतीसाठी माणसं कोंडून ठेवतात असं म्हणत जमावाने अशी घरं फोडायला सुरुवात केली. ही सगळी हकिकत या संचानंतरची आहे.

आता वापरायला संच कसा आहे ते. भरतीचं एक प्रकरण उघडलं आणि सगळं मिळालं असं होत नाही. सैनिक एका ठिकाणी, मिलिशिया वेगळ्याच खंडात, उमेदवार पहिल्यात, भटके पुन्हा शेवटी, आणि मागे राहिलेल्या बायकापोरांचं काय ते गरिबांच्या प्रकरणात. चारही खंड टेबलावर उघडे लागतात. मी प्रत्येक ठिकाणी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या घातल्या. ज्याला एक धागा सलग वाचायचा आहे त्याचा जीव मेटाकुटीला येईल. पण कचेरीच्या कामाला हीच रचना बरी: माणूस समोर येतो तो विषय घेऊन येतो, आणि तो विषय चटकन सापडला पाहिजे. बर्न यांनी हे पुस्तक कपाटात ठेवायला लिहिलेलं नाही, ते टेबलावर उघडं असायचं.

बांधणीबद्दल म्हापशातल्या बाइंडरचं मत माझ्यापेक्षा मोलाचं. पावसाळ्याच्या पहिल्याच महिन्यात दुसऱ्या खंडाचा कणा सुटला. त्याच्याकडे नेलं, त्याने खंड हातात घेऊन एकदा वाकवला आणि पानं पत्त्यांसारखी पसरली.

“बाय, हें पुस्तक न्हय. हें पानांचें बंडल. शिवलें ना, फकत गोंद लायला.”

“शिवून मिळेल?”

“मेळटलें. पूण भितरली अक्षरां वतलीं.”

तो म्हणाला तेच खरं. सुट्या पानांना आडवी शिवण मारली की आतला समास आणखी अर्धा बोट खाल्ला जातो, आणि या छपाईत समास मुळातच नाही. शेवटी दोन खंड शिवून घेतले, मोरचूद घातलेली खळ लावून, म्हणजे कसर लागणार नाही. शेवटचा, म्हणजे सैनिकांचा खंड, न शिवता पेटीत सुट्या पानांचाच ठेवला आहे. कागद पांढराफेक, दिव्याखाली डोळ्यांवर येतो. वजन भरपूर, झोपून वाचायचा विचार करू नका.

किंमत एवढी आहे की त्यात आमच्याकडे एक बऱ्यापैकी मिक्सर येतो. ज्याला इंग्लंडच्या कायद्याचा इतिहास शिकवायचा किंवा त्यावर लिहायचं आहे त्यानेही हा कागदी संच घेऊ नये, कारण फाटक्या पानांवरून कोणी काही उद्धृत करू शकत नाही. निवृत्त तलाठी, कोर्टातले शिरस्तेदार, मामलेदार कचेरीतली जुनी मंडळी यांना मात्र हा मजकूर जरूर वाचा असं सांगेन. इंग्रजी अवघड नाही, वाक्यं लांब असली तरी आपल्या अध्यादेशांपेक्षा सुटसुटीत आहेत.

बर्नच्या पुस्तकाच्या जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन इंटरनेटवर फुकट मिळतात. दोन-तीन वेगवेगळ्या प्रतींचे उतरवून घ्या, म्हणजे एकात गेलेलं पान दुसऱ्यात सापडतं. सैनिक, मिलिशिया, उमेदवार आणि भटके एवढीच प्रकरणं झेरॉक्सवाल्याकडून एका बाजूला छापून घ्या, आणि बांधणीच्या बाजूला दोन बोटं कोरी जागा सोडायला त्याला आधीच सांगा. मशीन सुरू झाल्यावर सांगितलं तर तो ऐकत नाही.